सोसायटीतलं वठलेलं झाड काढायचंय? कंत्राटदार असा निवडा

आधी झाड खरंच वठलंय का ते पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि सावर निष्पर्ण असतात, गुलमोहरही उन्हाळ्यात बोडका होतो. चार-पाच फांद्यांची साल नखाने खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे; घाई करू नका.

मेलेल्या झाडालाही परवानगी लागते. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार सोसायटीने महापालिकेच्या विभाग कार्यालयात, उद्यान खात्याकडे फोटोंसह अर्ज करावा. झाड फुटपाथवर असेल तर मुंबईत महापालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर कळवा. 'परवानगीचं आम्ही बघतो, कागद नको' म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

आता मुख्य गोष्ट. वठलेलं झाड तोडणं जिवंत झाडापेक्षा धोक्याचं. सुकलेली फांदी न वाकता एकदम काडकन मोडते, आणि आतून पोकळ झालेला बुंधा बाहेरून धडधाकट दिसतो. म्हणून दराआधी विचारा: माणूस वर कसा जाणार, दोर कशाला बांधणार? 'याच झाडाला' असं उत्तर आलं तर धोका ओळखा. जाणकार माणूस बुंध्यावर हातोडी ठोकून पोकळ आवाज ऐकतो, मुळं बघतो, मग हायड्रॉलिक लिफ्ट किंवा क्रेन सुचवतो. गेटमधून गाडी आत येईल का, हेही तो तेव्हाच मोजून घेतो. फोनवरच भाव सांगणाऱ्याला काम देऊ नका.

वजनाचाही अंदाज असू द्या. ६० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा सुका ओंडकाही २०० किलोच्या आसपास भरू शकतो. तो दोराने सावकाश न उतरवता वरून सोडला, तर पेव्हर ब्लॉक आणि खालचे पाइप फुटतात.

कोटेशनमध्ये वरून खाली तुकड्यांत तोडणी, ओंडके-पालापाचोळा वाहून नेणं, बुंध्याचं काय करायचं आणि लाकूड कोणाचं, हे वेगवेगळं लिहून घ्या. कामगारांचा आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा, असे दोन्ही विमे हवेत. दोन्हींच्या प्रती घ्या आणि मुदत तपासा. जवळ वायर असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद झाल्याशिवाय करवत चालू होऊ देऊ नका.

ढोलीत पोपट किंवा तांबट घरटं करून असतील, तर पिल्लं उडेपर्यंत थांबता येईल का ते उद्यान खात्याला विचारा.

कामाच्या दिवशी झाडाच्या चारही बाजूंना त्याच्या उंचीच्या किमान दीडपट अंतर मोकळं ठेवा, गाड्या आदल्या रात्रीच हलवा. वारा किंवा पाऊस सुरू झाला की काम थांबलंच पाहिजे. निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ देऊ नका. उरलेली आवार साफ झाल्यावरच द्या. परवानगीत नवी झाडं लावायची अट असेल, तर तो खर्च याच अंदाजपत्रकात धरा.