जाम इंजिन: खोलायच्या आधी हे बघा

मामांची १९६७ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) वणीजवळच्या गावात, कापसाच्या गोदामात बारा वर्षं उभी होती. इंजिन जाम. मिस्त्री म्हणाले, "सरळ खोलून टाका भाऊ." मी थांबलो, ते बरंच झालं.

आधी गाडी न्यूट्रलला टाकून स्टार्टर उतरवला. कधी कधी त्याचं पिनियनच (छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकलेलं असतं. इथं तसं नव्हतं. मग चारही स्पार्क प्लग काढून टॉर्चनं आत पाहिलं. तीन सिलिंडर स्वच्छ. तिसऱ्याच्या भिंतीवर मात्र पिस्टनच्या वर तांबूस गंजाची कडी. त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, पावसाळ्याची ओल तिथूनच शिरली असणार.

एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे करून चारही सिलिंडरमध्ये ओतलं (जवळपास विडी-काडी अजिबात नको). आठ दिवस रोज भर घातली. मग क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाच्या चाकाच्या) बोल्टला लांब पाना लावून पुढं-मागं, अगदी हलकं. इथं घाई केली की पिस्टनच्या रिंगा तुटतात.

नवव्या दिवशी पाना केसभर सरकला. मी मामांना हाकच मारली!

प्लग न लावताच इंजिन हातानं फिरवून सगळं द्रव बाहेर काढलं, ऑइल बदललं. कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तिसऱ्यात कमी भरलं, म्हणून आता फक्त हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवतोय.