पद्मिनीचं इंजिन बांधायला घेताना: पार्ट शोधणं, मोजणं, बसवणं

प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचे पार्ट आजही मिळतात. अडचण वेगळीच आहे. खोक्यावर नाव तेच असतं, पण आतला माल तीन तऱ्हांचा निघतो: गाडी बनत होती त्या काळातला न वापरलेला साठा, पिस्टन-रिंगच्या मोठ्या कारखान्यांनी बनवलेला माल, आणि लहान शेडमध्ये नमुना बघून पाडलेला लोकल माल. तिन्ही एकाच काउंटरवर मिळतात. त्यामुळे खोकं न वाचता पार्ट मोजायचा.

मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट या ठिकाणी आधी चौकशी करावी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली आणि टॅक्सीवाल्यांची रोजची मागणी संपली. म्हणून पूर्ण सेट दिसला तर लगेच घ्यावा. जुन्या साठ्यातून पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग असा धातूचा माल बिनधास्त घ्या, फक्त गंज बघा. ऑइल सील, डायफ्रॅम (पेट्रोल पंपातला रबरी पडदा), कॉर्कचं पॅकिंग मात्र जुनं घेऊ नका. वीस वर्षं पडून राहिलेलं रबर पहिल्या हजार किलोमीटरांत गळायला लागतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी छापलेली असते. त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानात नवं आणि बहुधा स्वस्त मिळतं.

पद्मिनी मुळात इटलीच्या फियाट ११००वरून बनलेली, म्हणून काहीजण पार्ट तिथूनच मागवतात. त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. आपल्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं आहे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५ मिमी. इटलीत १९६२ साली आलेल्या ११०० डी मॉडेलला १२२१ सीसीचं इंजिन होतं. त्याचा स्ट्रोक तोच, पण बोअर ७२ मिमी. नुसतं 'फियाट ११००' सांगून पिस्टन किंवा हेड गॅस्केट मागवलं तर चुकीचंच घरी येण्याची शक्यता जास्त. ऑर्डरमध्ये बोअर लिहा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. पुष्कळजण ब्लॉक आधी मशीनशॉपला देतात, तिथे 'वीस साइज' बोअर करून (सिलिंडर कापून मोठा करून) घेतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. आधी पिस्टन हातात हवा, मगच बोअर. 'वीस साइज' म्हणजे ०.०२० इंच, अर्थात ०.५०८ मिमी, पण लोकल सेटमधले चार पिस्टन एकमेकांशीही दोन-तीन शतांश मिलिमीटरने जुळत नाहीत. चारही पिस्टन मशीनशॉपला द्या, क्रमांक टाका आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने करून घ्या. पिस्टन स्कर्टवर (खालच्या घेरावर), पिनच्या काटकोनात मोजायचा. उत्पादकाने क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) दिला असेल तर तोच पाळा. दिला नसेल तर साध्या ॲल्युमिनियम पिस्टनला या बोअरमध्ये ०.०४ ते ०.०६ मिमी ठीक चालतो. कमी ठेवला तर घाटात इंजिन तापलं की पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. जास्त ठेवला तर थंड इंजिन टकटक करतं आणि ऑइल पितं.

पिस्टन घेतानाच जुना शेजारी धरून पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्नियरने ताडून बघा. लोकल मालात इथेच घोटाळा असतो. उंची अर्धा मिलिमीटर कमी भरली तर कॉम्प्रेशन पडतं, गाडी ओढत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्ब्युरेटरला लागतो. जास्त भरली तर माथा ब्लॉकच्या वर येतो. चारही पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोला. फरक ४ ग्रॅमच्या आत असावा. जास्त असेल तर जड पिस्टन आतून घासून हलका करता येतो, पण ते काम लेथवाल्यावर सोपवा.

प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि तोंडाची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. ६८ मिमी बोअरला ०.२५ ते ०.३५ मिमी हवी. फट कमी भरली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि भिंतीवर रेघ ओढून जाते. कमी असेल तर बारीक कानशीने एकाच दिशेला, बाहेरून आत घासा. 'टॉप' लिहिलेली बाजू वर ठेवा आणि तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

क्रँकला तीन मेन बेअरिंग आहेत. इथेही तोच नियम: शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) मिळाले की मगच ग्राइंडिंग. शेलच्या पाठीवर ०१० किंवा ०२० असा साइजचा (हजारांश इंचातला) आकडा असतो, पण लोकल शेलवर तोही चुकीचा सापडतो. प्लास्टिगेजचा (दाबल्यावर पसरणारा, फट मोजायचा) धागा क्रँकवर ठेवून बेअरिंगची कॅप पूर्ण टॉर्कने आवळा, क्रँक न फिरवता कॅप उघडा आणि धागा किती पसरला ते पट्टीवर बघा. फट ०.०३ ते ०.०६ मिमीच्या आत असेल तर पुढे जा. शेलचं भोक ब्लॉकच्या ऑइलच्या भोकावर नीट येतं का, हेही डोळ्यांनी बघा. ग्राइंडिंगवाल्याला जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई ठेवायला बजावून सांगा, कारण कोपरा तीक्ष्ण राहिला तर क्रँक तिथेच तडकतो.

ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे एकदा तापलेलं हेड वाकलेलं असणारच असं धरून चाला. सरळपट्टी ठेवा. खाली ०.०५ मिमीची पाती शिरली तर हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) द्या, मात्र जेवढ्यास तेवढंच. नवं गॅस्केट आधी ब्लॉकवर कोरडं ठेवून पाण्याची भोकं जुळवा. बोअर वाढवला असेल तर गॅस्केटची धातूची कडा सिलिंडरमध्ये डोकावत नाही ना, ते बघा. डोकावणारी कडा लाल होते आणि पेट्रोल अवेळी पेटवते. हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. एकदा इंजिन तापवून पूर्ण गार झालं की पुन्हा बघा. गरम ॲल्युमिनियमवर टॉर्क खोटा दिसतो. संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) पॅकिंगला सिलिकॉन थापू नका. आत निघालेला गोळा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत बसतो.

पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि पाइप आता विटॉन किंवा तत्सम रबराचेच घ्या, कारण २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुनं रबर फुगवतं. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल संपमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास आला तर गाडी चालू करूच नका.

ब्लॉक बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, म्हणून बिलाशिवाय ब्लॉक घेऊ नये. पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून, म्हणजे व्हीए मालिकेत, नोंदवायची असेल तर इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, तेव्हा जुना ब्लॉक स्लीव्ह (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी) टाकून वाचवणंच बरं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. नवा कॅमशाफ्ट टाकला असेल तर आयडलवर न ठेवता १५०० ते २००० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. साधं २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा, सिंथेटिक नको, नाहीतर रिंगा बसत नाहीत. पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगाने लांब पल्ला टाळा, मग ऑइल काढून ते पांढऱ्या फडक्यावर ओता. बारीक चमचम चालते. चुंबकाला न चिकटणारे तुकडे दिसले तर संप खोलून बेअरिंग बघा.