रक्तात गुठळ्या होणारा एपीएस: या चुका टाळा

एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली की घरात आधी तेल निघतं. चोळू नका. सूज एकाच पायाला असेल तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. आत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

तरुण वयात विनाकारण गुठळी झाली किंवा वारंवार गर्भपात झाले, तर अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची, म्हणजे एपीएसची तपासणी हवीच. १९८३ मध्ये लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी तो जगासमोर मांडला. यात शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. गंमत नव्हे, धोका असा की लॅबच्या नळीत हे रक्त गोठायला उशीर लागतो आणि शरीरात मात्र गुठळ्या होतात. ‘एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) वाढलाय, म्हणजे रक्त पातळच आहे’ असं समजून रक्त पातळ करणारी गोळी सोडू नका.

अँटिबॉडीची तपासणी एकदाच करून थांबू नका. साध्या संसर्गानंतरही त्या काही काळ दिसतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगा, नाहीतर ल्युपस अँटिकोआग्युलंटचा, म्हणजे यातल्याच एका अँटिबॉडीचा, रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. सारखं रक्त द्यायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. म्हणून रिव्हारोक्साबॅन, म्हणजे सारखी रक्ततपासणी न लागणारी नवी गोळी, मागून घेऊ नका. एपीएसच्या तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवरचा इटलीतला अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण या गोळीवर गुठळ्यांचे त्रास जास्त झाले. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा परिणाम कमी होतो, तरी मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त उपवासात शून्य आणि नंतर रोज जुडी, असं नको. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळीही नको, रक्तस्राव होऊ शकतो.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी तर घेऊच नका. तिच्यातल्या नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो आणि गुठळीचा धोका वाढतो. घरच्यांनीही आग्रह करू नये. पूजा दुसरं कोणी करेल.

मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. वॉरफरिन सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला घातक ठरू शकतं. त्याऐवजी हेपरिनची इंजेक्शनं आणि कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. पाळी चुकली की लगेच टेस्ट करा. पॉझिटिव्ह आली तर गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.