स्किड प्लेट असलेल्या पिकअपचे इंजिन ऑइल स्वच्छपणे कसे बदलावे

कोल्हापूरहून गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर या बाजूला नेहमी जाणाऱ्या किंवा उसाच्या फडापर्यंत गाडी नेणाऱ्या अनेकांनी आपल्या पिकअपला इंजिनाखाली पोलादी किंवा ॲल्युमिनियमची स्किड प्लेट बसवून घेतलेली असते. दगडावर आपटून ऑइल चेंबर फुटू नये म्हणून ती हवीच. मात्र ऑइल बदलण्याची वेळ आली की तिच्यामुळेच काम किचकट होते. ड्रेन बोल्टपर्यंत पोहोचता यावे म्हणून प्लेटला एक भोक ठेवलेले असते आणि घाई असली की त्याच भोकातून ऑइल सोडून काम उरकले जाते. माझे मत स्पष्ट आहे: प्लेट दर वेळी पूर्ण उतरवूनच ऑइल बदलावे. त्यासाठी अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण तो वाया जात नाही.

भोकातून ऑइल सांडते याचे कारण धारेच्या स्वभावात आहे. चेंबर भरलेले असताना ड्रेन बोल्ट काढला की जोराची धार बाहेर पडते आणि बोल्ट आडवा बसवलेला असेल तर ती चांगली वीतभर पुढे जाऊन पडते. चेंबर रिकामे होत जाईल तशी धार मागे सरकते आणि शेवटी बारीक होऊन चेंबरच्या बुडाला चिकटून वाहू लागते. प्लेटचे भोक मात्र जागच्या जागीच असते. सुरुवातीची किंवा शेवटची धार त्याच्या कडेवर पडते, ऑइल प्लेटच्या आतल्या घड्यांमध्ये साचते आणि पुढे कित्येक दिवस थेंबथेंब गळत राहते. मग ही गळती ऑइल सीलची, फिल्टरची की नुसत्या सांडलेल्या ऑइलची, हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या भागात यात आणखी एक धोका आहे. फडातल्या वाटेने जाताना वाळलेले पाचट प्लेट आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. ते ऑइलने भिजले आणि सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाला लागले, तर पेट घेऊ शकते. बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा काजळीचा फिल्टर साठलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, तेव्हा त्याच्या आतले तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. म्हणून हंगामात फडात जाणाऱ्या गाडीची प्लेट ऑइल बदलण्याची वाट न पाहता मधूनमधून तपासलीच पाहिजे.

काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी गाडीची खालची बाजू पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावी आणि वाळू द्यावी. पावसाळ्यानंतर प्लेटवर तांबड्या मातीचा जाड थर बसलेला असतो. तो तसाच ठेवून बोल्ट सोडले, तर माती डोळ्यांत जाते आणि ड्रेन बोल्टच्या आट्यांतही शिरते. खंडेनवमीच्या पूजेसाठी गाड्या धुतल्या जातात, तेव्हाच हे काम काढले तर दोन्ही कामे एका खेपेत होतात.

ऑइल किती आणि कोणत्या दर्जाचे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच आणावे. बहुतेक डिझेल पिकअपना फिल्टरसह सहा ते आठ लिटर ऑइल लागते. म्हणून ऑइल धरण्याचे भांडे किमान दहा लिटरचे, पसरट आणि उंच काठाचे असावे. काजळीचा फिल्टर असलेल्या गाडीला कमी राख देणारेच ऑइल लागते. दुकानदाराने ‘हेही चालते’ म्हणून दिलेले जुन्या प्रकारचे ऑइल त्यात कधीही ओतू नये. त्याशिवाय नवा ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वायसर, गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच (ठरावीक जोराइतकेच आवळता येणारा पाना), फिल्टरचा पाना, तारेचा ब्रश, सुती चिंध्या, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढे सामान जवळ असू द्यावे.

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. उंच पिकअपखाली बऱ्याचदा ती न उचलताच शिरता येते आणि ते सर्वांत सुरक्षित. उचलावीच लागली तर दोन्ही बाजूंना वजन पेलणारे जॅक स्टँड लावून ती समतल ठेवावी. नुसत्या जॅकवर किंवा चिरे-विटा रचून उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. इंजिन पाचेक मिनिटे चालवून बंद करावे आणि दहा मिनिटे थांबावे, म्हणजे ऑइल पातळ झालेले असते पण हात भाजेल इतके तापलेले नसते.

आता प्लेट. तिच्या वजनाचा अंदाज आधीच घ्यावा: साठ सेंटीमीटर लांब-रुंद आणि चार मिलिमीटर जाड पोलादी प्लेट सुमारे अकरा किलोची भरते, आणि पाठीवर झोपलेल्या माणसाच्या छातीवर ते वजन अचानक येणे घातक आहे. म्हणून प्लेटच्या मध्याखाली लाकडी फळी ठेवलेला ट्रॉली जॅक टेकवून घ्यावा आणि मगच बोल्टांना हात लावावा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. तरीही बोल्ट अडला तर पाना एकदम ओढू नये. थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, असे पुढे-मागे करत आटे मोकळे करावेत. जोर लावून बोल्टाचे डोके तोडले, की चासीतला उरलेला तुकडा काढण्यासाठी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपची पायरी चढावी लागते. सगळे बोल्ट आधी सैल करावेत, समोरच्या कोपऱ्यांतले दोन शेवटपर्यंत ठेवावेत आणि ते काढल्यावर जॅक हळूहळू खाली घ्यावा. काही प्लेटची पुढची कड खाचेत अडकवलेली असते. तशी असेल तर प्लेट आधी मागे सरकवावी लागते. बोल्ट लहान-मोठे असतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर प्लेटचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा.

प्लेट निघाल्यावर ड्रेन बोल्टच्या भोवतीची माती तारेच्या ब्रशने आणि चिंधीने पुसून घ्यावी. वरचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे, म्हणजे धार गचके न देता एकसारखी पडते. बोल्ट पान्याने सैल केल्यावर पुढे बोटांनी फिरवावा आणि फिरवताना तो आत दाबून धरावा. शेवटचा आटा सुटल्याचे बोटांना जाणवते. त्या क्षणी बोल्ट झटकन बाजूला घ्यावा, म्हणजे ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही. धार मागे सरकेल तसे भांडेही मागे सरकवावे आणि थेंब विरळ होईपर्यंत, साधारण पंधरा-वीस मिनिटे, थांबावे. त्या वेळात बोल्ट निरखावा. त्याच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे; बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे दिसले तर मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी पुढे वापरू नये. नवा वायसर घालून बोल्ट आधी हाताने आणि मग पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच टॉर्क रेंचने आवळावा. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर जास्त जोराने त्याचे आटे जातात.

सर्वाधिक सांडलवंड फिल्टर काढताना होते. पत्र्याचा फिरकीचा फिल्टर असेल तर तो अर्धा फेरा सैल करून थांबावे, आतले ऑइल कडेने भांड्यात निथळू द्यावे आणि मग त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी चढवून पिशवीसकट फिरवून काढावा. फिल्टर आडवा असून खाली चासीची पट्टी येत असेल तर रिकामा कॅन उभा कापून त्याची पन्हळ करावी आणि तिचे तोंड भांड्यात सोडावे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे हात फिरवून नक्की पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या, तर इंजिन चालू होताच ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. नव्या रिंगेला नवे ऑइल चोळून फिल्टर हाताने फिरवावा आणि रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापल्याप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, आवळावा.

ऑइल ओतताना सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमीच ओतावे, इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) पातळी पाहावी आणि मग उरलेले भरावे. या वेळी प्लेट अजून जमिनीवरच असली पाहिजे, कारण बोल्ट आणि फिल्टर कोरडे आहेत की नाहीत हे आत्ताच उघड्यावर दिसते.

खात्री झाल्यावर प्लेटची आतली बाजू खरवडून, पुसून कोरडी करावी. तिला चीर गेली आहे का, ती दगड लागून वर चेपली जाऊन चेंबरला टेकते आहे का, हे पाहावे. बोल्टांच्या आट्यांना थोडे कॉपर ग्रीस लावावे, सगळे बोल्ट दोन-तीन आटे हाताने धरवावेत आणि नंतरच आवळावेत. एक कोपरा आधीच घट्ट केला तर समोरची भोके जुळत नाहीत. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टांना पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

जमिनीवर ऑइल सांडलेच तर त्यावर लाकडाचा भुसा किंवा राख टाकून ते टिपून घ्यावे. पावडर टाकून पाण्याने धुतले, तर ते गटारातून जयंती नाल्यात आणि तिथून पंचगंगेत जाते. जळके ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरावे. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पेट्रोल मिसळू नये, कारण मग त्यावर पुन्हा प्रक्रिया करणे अवघड होते. वाळवीसाठी लाकडाला लावायला किंवा बांधावरच्या गवतावर ओतायला ते कोणी मागितले तरी देऊ नये. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि काजळीतली घातक द्रव्ये असतात, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ते त्यांच्याकडे पाठवणारे सर्व्हिस सेंटर पाहून कॅन तिथे द्यावा. जुना फिल्टरही रात्रभर भांड्यावर पालथा ठेवून पूर्ण निथळल्यावर त्याच्यासोबतच द्यावा.