लाँग ग्रोव्हमध्ये घर घेण्याआधी

"लाँग ग्रोव्हला घर बघतोय, गाव कसं आहे हो?" असा फोन वर्षातून तीन-चारदा येतोच. दर वेळी मी तेच सांगते, म्हणून आता एकदाच लिहून ठेवते.

लाँग ग्रोव्ह हे अमेरिकेत इलिनॉय राज्यातलं, शिकागोजवळचं एक 'व्हिलेज'. पण 'व्हिलेज' या शब्दावरून काही ठरवू नका. इलिनॉयमध्ये तो कारभाराचा प्रकार आहे. अठ्ठ्याहत्तर हजार वस्तीचं शॉमबर्गही व्हिलेज आणि आमचं हेही व्हिलेज. एक प्रेसिडेंट, सहा ट्रस्टी. सरपंच आणि पंच समजा. २००० साली इथे ६,७३५ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ८,३६६ झाली. जागा मात्र बत्तीस-एक चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरात अडीचशेच्या आसपास माणसं. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी तेवढी एका गल्लीत राहतात. पार नाही, एसटी स्टँड नाही, बहुतेक रस्त्यांना फुटपाथही नाही. पहिल्या महिन्यात संध्याकाळी फिरायला निघाले, तर अर्ध्या तासात एक कुत्रं आणि दोन हरणं भेटली.

हे मुद्दाम असं ठेवलेलं आहे. इथे पूर्वी जर्मन शेतकऱ्यांची वस्ती होती. आजूबाजूच्या उपनगरांची दाटी आत शिरू नये म्हणून १९५६ मध्ये लोकांनी रीतसर व्हिलेज करून घेतलं आणि घरांसाठी एकरा-एकराचे प्लॉट ठेवले. शेजारच्या बफेलो ग्रोव्हमध्ये त्रेचाळीस हजार लोक आहेत. तिथून आमच्या हद्दीत शिरलात की झाडी सुरू होते, दिवे कमी होतात.

आता पत्ता. पाकिटावर 'लाँग ग्रोव्ह' लिहिलं म्हणून घर लाँग ग्रोव्हमध्ये असेलच असं नाही. ६००४७ हा पिनकोड लेक झुरिक, किल्डीर, हॉथॉर्न वुड्स यांनाही आहे. पोस्टाची हद्द वेगळी, व्हिलेजची वेगळी, शाळेची वेगळी, टाउनशिपची (म्हणजे काउंटीच्या, इथल्या जिल्ह्याच्या, एका भागाची) वेगळी, आणि या सगळ्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या. गावातली बरीच मुलं स्टीव्हन्सन हायस्कूलला जातात, काही लेक झुरिकला. एका ओळखीच्या जोडप्यानं स्टीव्हन्सनसाठी म्हणून घर घेतलं आणि ऑगस्टमध्ये शाळेत नाव घालायला गेल्यावर कळलं की आपली शाळा दुसरीच. एजंट तोंडी काय म्हणाला याला अर्थ नाही. घराचा पत्ता सांगून स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात स्वतः विचारा. दोन मिनिटांचा फोन आहे.

व्हिलेज स्वतःचा मालमत्ता कर घेत नाही, हे ऐकून आपली मंडळी खूश होतात. थांबा. काउंटी, शाळा, अग्निशमन, लायब्ररी, कॉलेज हे सगळे घेतातच, आणि बिलाचा मोठा हिस्सा शाळांचा असतो. लेक काउंटीचं बिल जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत येतं, तेही मागच्या वर्षाचं. शिवाय व्हिलेजचं स्वतःचं पोलीस खातं नाही, काउंटीचे शेरीफ येतात. अनेक रस्ते खासगी आहेत. बर्फ काढण्यापासून खड्डे बुजवण्यापर्यंतचा खर्च तुमच्या सोसायटीच्या वर्गणीतून जातो. घर बघताना पहिला प्रश्न हा: रस्ता कोणाचा?

दुसरा प्रश्न, आणि हा मी बोर्डावर लिहून गळ्यात अडकवायला तयार आहे: सेप्टिक फील्ड कुठे आहे?

इथल्या बऱ्याच घरांना गावाचं गटार नाही. सांडपाणी अंगणातल्या टाकीत जातं आणि तिथून हिरवळीखाली पसरलेल्या भोकाच्या पाइपांतून जमिनीत मुरतं. वरून बघाल तर नुसतं गवत. आम्ही घर घेतलं त्या सप्टेंबरात गणपती बसवला. साठेक माणसं जेवायला. खासगी रस्त्यावर गाड्या लावायला मनाई, म्हणून नवऱ्यानं मोठ्या मनानं सगळ्यांना मागच्या लॉनवर गाड्या लावायला लावल्या. आदल्या रात्रभर पाऊस झाला होता. बावीस गाड्या, बऱ्याचशा मिनीव्हॅन, बरोब्बर त्या पाइपांवर! आठवड्यानं खालच्या बाथरूममध्ये गुडगुड सुरू झाली, मग वास. माती दबून घट्ट झाली होती, पाइप चेपले होते. नवीन फील्डचं बिल साडेएकवीस हजार डॉलर. विम्यानं हात वर केले. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन शांतपणे म्हणाले, "पहिला बर्फ पडला की बघ, तो जिथे आधी वितळतो ते तुझं फील्ड." हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अमेरिकन शेजारी असेच: विचारलंत तर तासभर समजावतील, आपण होऊन एक शब्द बोलायचे नाहीत. आता मी दरवर्षी मखराच्या आधी लॉनवर खुंट्या ठोकून दोरी बांधते.

आपले लोक घर बघायला गेले की किचनच्या ग्रॅनाइटवर हात फिरवतात, बेसमेंटमध्ये होम थिएटर बसेल का ते मापतात. टाकी शेवटची कधी उपसली, ते कोणी विचारत नाही. तळणीचं तेल, भाताची पेज, उरलेली आमटी सिंकमध्ये ओतू नका. डब्यात भरून कचऱ्यात टाका. टाकी दर तीनेक वर्षांनी उपसून घ्या.

येण्याजाण्याबद्दल. लाँग ग्रोव्हला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं बफेलो ग्रोव्हचं, पण मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या लोकलच्या, त्या लाइनला शनिवार-रविवार गाडी नसते. सुट्टीच्या दिवशी पॅलेटाइनला जा. रूट ५३ चा रुंद हायवे लेक-कुक रोडपाशी एकदम संपतो. तो पुढे उत्तरेला न्यायचा वाद कित्येक वर्षं चालला आणि २०१९ मध्ये टोलवेनं, म्हणजे राज्याचे टोलरस्ते चालवणाऱ्या संस्थेनं, ते काम गुंडाळलं. तेव्हा संध्याकाळची रांग गृहीत धरा.

सामानाचा ट्रक भाड्यानं घेतला असेल तर फोनच्या नकाशावर विसंबू नका. गावाच्या मधोमध १९०६ चा जुना पूल आहे, त्यावर १९७२ मध्ये लाकडी छत घातलं. उंची साडेआठ फूट. जून २०१८ मध्ये एका ट्रकनं छत असं ठोकलं की पूल २०२० पर्यंत बंद होता. उघडल्यावरही धडका चालूच आहेत, आणि दर वेळी बातमी होते. आपलं नाव त्या बातमीत नको. मेमधला चॉकलेट फेस्ट, सप्टेंबरातला ॲपल फेस्ट बघायला मात्र त्याच भागात जा, सकाळी लवकर.

पाणी विहिरीचं, म्हणजे बोअरचं. जड असतं. स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग, चहाच्या पातेल्याला थर. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर लागतोच, त्यात घालायला मिठाच्या गोण्या आणत राहाव्या लागतात. आणि पंप विजेवर चालतो हे डोक्यात ठेवा. वीज गेली की नळ कोरडा, फ्लशसुद्धा नाही. वादळाचा इशारा आला की अंघोळीचा टब भरून घ्या आणि पिण्याचं पाणी वेगळं काढून ठेवा.