सड्यावरच्या जीवांचे अनुकूलन कसे ओळखावे

अनुकूलन हा शब्द उच्चारला की बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातला उंट आणि निवडुंग आठवतो. प्रत्यक्षात सजीव आपल्या परिसराशी कसे जुळवून घेतात हे पाहण्यासाठी वाळवंट गाठण्याची गरज नाही. कोकणात ज्याला सडा किंवा कातळ म्हणतात आणि घाटमाथ्यावर ज्याला पठार म्हणतात, ती जांभ्या दगडाची उघडी जमीन या अभ्यासासाठी उत्तम जागा आहे, कारण पावसाळ्यात ती पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. साताऱ्याजवळचे सुमारे १२०० मीटर उंचीवरचे कास पठार सर्वांना ठाऊक आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. मात्र निरीक्षणासाठी कासच हवे असे नाही, किंबहुना गर्दी नसलेला, घरापासून जवळचा आणि वर्षातून तीन-चार वेळा सहज जाता येईल असा सडा अधिक सोयीचा ठरतो.

सड्यावर मोठा फेरफटका मारण्यापेक्षा एक लहानसा तुकडा निवडावा. त्या तुकड्यात थोडा उघडा कातळ, एखादी खोलगट जागा जिथे पाणी साचते, आणि दगडाच्या फटीत अडकलेली थोडी माती असावी. कोपऱ्यांवरच्या ठळक दगडांची खूण वहीत चितारून ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला नेमकी तीच जागा सापडते. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी, पाण्याची फवारणीची बाटली, वही आणि पेन्सिल एवढे पुरे. पायात घोट्यापर्यंतचे बूट असावेत आणि कोणताही दगड हाताने उचलू नये, काठीनेच कलवावा. कोकणातल्या सड्यांवर दगडांखाली फुरसे असण्याची शक्यता नेहमीच असते. हा साप अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून इशारा देतो. तो आवाज ऐकू आला की तिथून मागे सरावे. कलवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवणेही आवश्यक आहे, कारण भर उन्हाळ्यात त्याखालच्या ओलाव्यावर कितीतरी लहान जीव तगून असतात.

पहिली भेट मे महिन्यात द्यावी. लोक सड्यावर जातात ते फुलांच्या हंगामात, आणि तिथेच त्यांची गफलत होते. परिसराची अडचण काय आहे हे न पाहता वनस्पतीचे पान किंवा फूल पाहिले, तर ते सुंदर दिसते, पण ते तसे का आहे हे कळत नाही. मे महिन्यात भर दुपारी कातळावर हात ठेववत नाही. मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नसतो. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला खडक असून हजारो पावसाळ्यांनी त्यातील विरघळणारी पोषकद्रव्ये धुऊन नेलेली असतात, म्हणून त्यावरच्या मातीत नत्र आणि स्फुरद यांचा तुटवडा असतो. वहीच्या पहिल्या पानावर या अडचणींचीच नोंद करावी: उष्णता, कोरडेपणा, माती नसणे, पोषण नसणे, आणि पुढे चार महिने नेमके उलटे, म्हणजे मुळे कुजवणारे पाणी. पुढच्या प्रत्येक निरीक्षणापुढे ‘हे यांपैकी कोणत्या अडचणीशी निगडित आहे?’ हा प्रश्न विचारायचा आहे.

याच भेटीत एक सोपा प्रयोग करावा. कातळाच्या सावलीतल्या बाजूला काळपट, करपल्यासारखे दिसणारे शेवाळाचे मखमली पुंजके असतात. बोटाने चोळले तर चुरा होईल इतके ते कोरडे असतात. एका पुंजक्यावर बाटलीने पाणी फवारून भिंगातून पाहत राहावे. काही मिनिटांतच अंगाशी मिटलेली बारीक पाने बाहेरच्या बाजूला उलगडू लागतात आणि काळपट रंगातून हिरवा रंग वर येतो. हे शेवाळ मेलेले नव्हते. त्याच्या पेशींतले बहुतेक पाणी गेले तरी त्या न फाटता टिकून राहतात, आणि पाणी मिळताच कामाला लागतात. सड्यावरची काही गवते आणि नेचेही असेच करतात. मात्र प्रयोग एका पुंजक्यापुरताच ठेवावा, कारण असे अवेळी भिजणे आणि लगेच वाळणे त्याला महागात पडते.

दुसरी भेट पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर द्यावी. मे महिन्यात जिथे काहीच नव्हते तिथे आता कोंब दिसतात, आणि ते इतक्या लवकर कुठून आले हे शोधणे हे या भेटीचे काम. बऱ्याच वनस्पतींनी उन्हाळा जमिनीखाली कंदाच्या रूपात काढलेला असतो. हबेआमरी, सापकांदा, रानहळद ही त्यातली सहज ओळखता येणारी मंडळी. वायतुरा तर डबक्याच्या चिखलात कंद राखून असतो आणि पाणी भरले की इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा पाण्याबाहेर काढतो. तेरड्याची तऱ्हा वेगळी. तो उन्हाळा पाहतच नाही. एका पावसाळ्यात उगवून, फुलून, हात लावताच फुटणाऱ्या बोंडांतून बिया उडवून तो संपतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण टिंगल म्हणून वापरतो, पण सड्यावर हा घाईचा संसारच उपयोगी पडतो. कंद उकरून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, यांतल्या अनेक जाती पश्चिम घाटाबाहेर कुठेही आढळत नाहीत.

डबक्यांकडे या वेळी विशेष लक्ष द्यावे. उथळ पाणी उन्हाने लवकर तापते, त्यामुळे बेडकांच्या पिल्लांची वाढ झपाट्याने होते, पण त्याच कारणाने पावसाने दडी मारली की डबके आटतेही लवकर. पाय फुटून शेपटी नाहीशी होण्याआधी पाणी संपले तर सगळी वीण जाते. आंबोली परिसरातच सापडणारा आणि २००९ साली विज्ञानाला नव्याने परिचित झालेला भेक जांभ्यावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची खोली आणि पिल्लांची अवस्था नोंदवली, तर ही शर्यत आकड्यांत दिसू लागते. झिंग्यासारखे, उलटे पोहणारे पारदर्शक जीव दिसले तर त्यांचीही नोंद घ्यावी. त्यांची अंडी कोरड्या चिखलात महिनोन्‌महिने पडून राहूनही उबतात.

तिसरी भेट सप्टेंबरमध्ये. आता गुडघे टेकून, भिंग डोळ्याशी धरून बसायचे आहे. ओलसर वाळूत नाण्याएवढे लालसर चक्र दिसले तर ते दवबिंदू या वनस्पतीचे रोप. त्याच्या पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब असतो. तो दव नसून चिकट स्राव असतो. एखादे चिलट त्यावर चिकटले असेल तर ते पाय ओढते तसे त्याला आणखी थेंब लागतात, आणि आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वळलेले दिसतात. जवळच निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे असतील. तिचे सापळे मात्र फुलात शोधू नयेत. ते ओल्या मातीत, धाग्यांवर, खसखशीच्या दाण्याएवढ्या फुग्यांच्या रूपात असतात आणि सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात त्याला पाण्यासकट आत ओढून घेतात. या दोन वनस्पती एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या नाहीत. तरीही मातीत नत्र नसल्याच्या एकाच अडचणीवर दोघींकडे कीटकभक्षणाचा उपाय आढळतो. वहीच्या पहिल्या पानाशी जोडून पाहण्यासारखा याहून चांगला पुरावा सड्यावर मिळणे कठीण आहे.

नोंदी लिहिताना भाषेची काळजी घ्यावी. ‘वनस्पतीने पाणी वाचवण्यासाठी पाने लहान केली’ असे लिहिणे चुकीचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची पाने लहान होती ती रोपे अधिक संख्येने तगली, असा त्याचा खरा अर्थ असतो. शिवाय प्रत्येक फरक म्हणजे अनुकूलन नव्हे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी येतात, आणि तिथले सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एवढ्यावरून हा निर्धास्तपणा त्यांच्या रक्तात उतरला असे म्हणता येत नाही. तो त्या-त्या सरड्याच्या आयुष्यापुरता बदलही असू शकतो.

हा भेद घरी तपासता येतो. टाकळा कातळाच्या फटीत वीतभरच वाढतो आणि बांधावर कमरेएवढा होतो. हिवाळ्यात दोन्हीकडच्या वाळलेल्या शेंगा आणाव्यात, सारख्या आकाराच्या बिया निवडाव्यात, टणक साल झिजेल इतपत पॉलिश पेपरवर घासाव्यात आणि एकच माती भरलेल्या सारख्या कुंड्यांत प्रत्येकी किमान दहा रोपे लावावीत. कुंड्या शेजारी शेजारी ठेवून दर आठवड्याला जागा बदलावी, पाणी सारखे द्यावे आणि दोन महिने उंची मोजावी. दोन्ही गटांची उंची सारखी भरली तर कातळावरचा ठेंगणेपणा केवळ परिस्थितीचा होता. कातळाची रोपे चांगल्या मातीतही ठेंगणीच राहिली तर तो गुण बियांतून आला असण्याची शक्यता आहे, आणि मग त्याच रोपांच्या बिया पुढच्या वर्षी पुन्हा लावून पाहाव्यात.