जुन्या लोखंडी हेल्मेटवर गोळीची टेस्ट? या चुका टाळा

सोलापुरात जुन्या वस्तू जमवायचा नाद असलेली पोरं काय कमी नाहीत, अक्कलकोटचं शस्त्रागार एकदा बघून आलं की किडा वळवळायला लागतोच, मग कुणीतरी ऑनलाइन फौजी हेल्मेट मागवतो आणि ग्रुपवर वाद सुरू, "गोळी थांबवतंय का बे हे?" आता हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठली गोळी, किती स्पीडची, आणि आतल्या डोक्याचं काय होणार, हे विचारा की.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे असली हेल्मेटं रायफलच्या गोळीसाठी होती असं धरून चालायचं. ब्रिटिशांचं ब्रॉडी हेल्मेट १९१५ ला आलं ते खंदकात वरनं पडणाऱ्या तुकड्यांसाठी. अमेरिकेचं १९४१ चं एम-वन घ्या, पत्रा जेमतेम १ मिमी, त्याची टेस्ट पॉइंट ४५ पिस्तुलाच्या गोळीवर, सेकंदाला साधारण २४५ मीटर. एके-४७ ची गोळी ७०० च्या वर पळते, वजनानं निम्मी असली तरी ताकद चौपटीच्या वर, कारण ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. त्यात टोकदार. आरपार गेली तर हेल्मेट नकली म्हणून बोंबलू नका.

दुसरं, व्हिडिओत हेल्मेट नुसतं काठीवर टांगतात, गोळी लागली की ते लांब उडून पडतं, म्हणजे जोर तिकडंच गेला. नायतर आत वाळू ठासून भरतात, मग पत्र्याला मागनं आधार मिळतो आणि पोचा कमी दिसतो. दोन्ही फसवं. नीट टेस्टला आत डोक्याचा साचा असतो, त्यात खास क्ले (पोचा उमटेल अशी मऊ माती) भरलेली, कारण भोक पडलं नाही तरी पत्रा आत वाकून कवटीला बसू शकतो. आणि ती क्लेसुद्धा आधी तपासतात, साधारण एक किलोचा पोलादी गोळा २ मीटरवरनं टाकून खड्डा १९ मिमीच्या आसपास पडतो का बघतात. आपल्या एप्रिलच्या उन्हात क्ले तासभर ठेवली तर लोण्यासारखी होईल, मग खड्डा खोल दिसणारच, त्यात हेल्मेटचा काय दोष?

एका गोळीवर निकाल लावू नका. तिरकी लागली तर घसरून जाते, आधीच्या पोच्याशेजारी लागली तर पत्रा तिथं अगोदरच ताणलेला असतो. म्हणून लॅबमधे वेग कमीजास्त करत बऱ्याच गोळ्या मारतात आणि निम्म्या आरपार जातील तो वेग काढतात, त्याला व्ही-फिफ्टी म्हणतात. प्रत्येक गोळीचा वेग मशीननं मोजलेला असतो, अंदाजपंचे नाही.

हे शेतात करायच्या भानगडीत तर पडूच नका. पोलादावरनं गोळी उसळून कुणाच्या अंगात शिरेल नेम नाही, विनापरवाना हत्यार निघालं तर १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहेच. असल्या टेस्ट चंदीगडला डीआरडीओची टीबीआरएल लॅब करते, ते त्यांच्याकडंच राहू द्या.

घरी चुंबक लावून बघा. ब्रॉडी आणि एम-वनचं मँगनीज पोलाद चुंबकाला नीट धरत नाही, टपकन चिकटलं तर शंका घ्या (ब्रॉडीची कडेची पट्टी सोडून बघा, ती चिकटू शकते). जर्मन हेल्मेटला मात्र हा नियम लावू नका, ते चिकटतंच. आणि गंज काढायला ग्राइंडर फिरवू नका, पत्राच पातळ होतो राव, वर कलेक्टर लोक जो जुना रंग बघून पैसे देतात तोपण जातो.